सार्वजनिक स्वच्छतागृहाचा आराखडा : टोकियो, पुणे आणि आपले जिल्हे

लातूरच्या गंजगोलाईचे कौतुक आपण नेहमी ऐकतो. निजामी राजवटीत, १९१७ च्या सुमारास, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार ही वर्तुळाकार बाजारपेठ आकारास आली. मध्यभागी देवीचे मंदिर, भोवती इमारतीचे कडे आणि त्या गोलास येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोन्याचांदीपासून गूळ-मिरचीपर्यंत प्रत्येक मालाला आपली जागा मिळाली. शहराच्या मध्यभागी काय कोठे असावे याचा आगाऊ विचार केला, तर त्याचा लाभ किती पिढ्यांना होतो, याचे हे बोलके उदाहरण होय. परंतु औसा, चाकूर, निलंगा या बाजूंनी लग्नाच्या खरेदीस आलेल्या स्त्रीने चार-पाच तासांच्या मुक्कामात देहधर्मासाठी जावे कोठे, हा प्रश्न बाजारपेठांच्या रचनेविषयी बोलताना आपण सहसा विचारात घेत नाही. नांदेडच्या बाजारपेठेविषयी, उदगीर, देगलूर, अहमदपूर येथील आठवडी बाजारांविषयी आणि लहानमोठ्या बसथांब्यांविषयीही हेच म्हणता येईल.

या प्रश्नाचे उत्तर स्त्रियांनी आपल्यापुरते शोधून ठेवले आहे. घरून निघण्याच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यावयाचे नाही, हे ते उत्तर. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका, पंचायत समितीच्या बैठकीस येणाऱ्या महिला सदस्य, शिकवणीसाठी लातुरास राहिलेल्या खेड्यापाड्यांतील मुली, सर्वांना ते ठाऊक आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याचे परिणाम मूत्रमार्गाच्या विकारांच्या रूपाने दिसतात, हे कोणीही वैद्यकीय अधिकारी सांगेल. सार्वजनिक स्वच्छतागृह हा म्हणूनच केवळ नगराच्या शोभेचा विषय नाही. ज्या स्त्रीला गावाबाहेर पडता येत नाही, तिला बाजार, कचेरी, शाळा आणि सभा या सर्वच गोष्टी अर्ध्या बंद होतात.

शिबुयातील सतरा स्वच्छतागृहे

अलीकडच्या काळात या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले ते जपानच्या राजधानीने. टोकियोच्या शिबुया या भागात २०२० ते २०२३ या काळात निप्पॉन फाउंडेशन या संस्थेने स्थानिक प्रशासनाच्या सहकार्याने सतरा ठिकाणी सार्वजनिक स्वच्छतागृहे नव्याने उभारली. त्यांचे आराखडे नामवंत वास्तुशिल्पज्ञ व रचनाकार यांच्याकडून करून घेतले. तादाओ आंदो, फुमिहिको माकी, तोयो इतो आणि शिगेरू बान या चौघांना वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार यापूर्वीच मिळालेला होता. अशा मान्यवरांनी मुतारीचा नकाशा काढावा, ही कल्पनाच पुष्कळांना नवलाची वाटली.

आंदो यांनी बांधलेले स्वच्छतागृह गोल असून त्याचे छप्पर चहूबाजूंनी पुढे आलेले आहे. पावसात सापडलेल्या वाटसरूने आडोशास उभे राहावे, अशी त्यामागची कल्पना आहे. भिंतीच्या जागी उभ्या पट्ट्या असल्याने वारा आरपार वाहतो. केंगो कुमा यांनी झाडीच्या उतारावर देवदाराच्या फळ्यांनी मढविलेल्या पाच लहान खोल्या विखरून ठेवल्या. सर्वांत गाजली ती मात्र शिगेरू बान यांची काचेची स्वच्छतागृहे. रिकामी असताना त्यांच्या रंगीत भिंतींतून आतले सर्व दिसते आणि आतून कडी लावताच काच अपारदर्शक होते. यामागचे कारण साधे आहे. सार्वजनिक शौचालयाच्या दाराशी आलेल्या माणसाच्या, विशेषतः स्त्रीच्या, मनात दोन शंका असतात. आत स्वच्छता असेल काय, आणि आत कोणी दबा धरून बसले नसेल ना? काच या दोन्ही शंकांना दार उघडण्यापूर्वीच उत्तर देते. (कोबे येथील १९९५ च्या आणि भुजच्या २००१ च्या भूकंपानंतर कागदाच्या नळ्यांची निवाऱ्याची घरे उभारणारे बान ते हेच. किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या आपल्या भागास त्यांचे हे काम अधिक जवळचे वाटावे.)

आमच्या मते, कडी लावताच बदलणारी काच आपल्याकडे उपयोगाची नाही. वीजपुरवठा, देखभाल आणि लोकांचा विश्वास, तिन्ही बाजूंनी ती महाग पडेल. पण त्या दोन शंका आपल्याही स्त्रियांच्या आहेत, आणि त्यांचे निरसन करणारा आराखडा विटा-सिमेंटातही काढता येतो. रस्त्यावरून सहज दिसणारे पण आतले न दिसू देणारे प्रवेशद्वार, समोर आडभिंत, भिंतीच्या वरच्या हातभर उंचीत सिमेंटची जाळी, रात्री दारावर दिवा आणि राखणदाराची नजर पोहोचेल अशी बैठक, एवढ्याने पुष्कळ साधते.

शिबुयाच्या उपक्रमातील ज्या भागाची छायाचित्रे फारशी छापली गेली नाहीत, तो भाग सफाईचा. ही स्वच्छतागृहे दिवसातून दोन ते तीन वेळा साफ केली जातील, अशी व्यवस्था प्रथमपासून ठरविण्यात आली. सफाई कामगारांचा गणवेशही एका नामवंत वेशभूषाकाराकडून तयार करून घेतला गेला. याच स्वच्छतागृहांत काम करणाऱ्या एका सफाई कामगाराच्या दिनक्रमावर विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाने २०२३ साली ‘परफेक्ट डेज’ हा चित्रपट काढला आणि त्या भूमिकेसाठी कोजी याकुशो यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. इमारती प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञांच्या, परंतु जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात राहिला तो झाडू धरणारा माणूस.

ठाणे, मुंबई आणि पुणे

महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले आहेत. ठाण्यात तीन हात नाक्यापाशी, पूर्व द्रुतगती महामार्गालगत, वास्तुशिल्पज्ञ रोहन चव्हाण यांनी २०१६ साली स्त्रियांसाठी एक स्वच्छतागृह उभारले. जागेवर मोठे झाड होते. ते न तोडता त्याच्याभोवतीच बांधकाम केले. दिवसा वरून उजेड आत येतो आणि रात्री तीच वास्तू दिव्याच्या पेटीसारखी उजळते. मुंबईत मरीन ड्राइव्हवर २०१८ साली खासगी कंपनीच्या साहाय्याने सुमारे ९० लाख रुपये खर्चाचे स्वच्छतागृह झाले. तेथे हवेच्या दाबावर मैला खेचून घेणारी यंत्रणा बसविण्यात आली. अशा यंत्रणेस एका वेळी सुमारे एक लिटरच पाणी लागते. समुद्रकाठच्या या वास्तूची किंमत वाचून आपल्या नगरपरिषदांचे मुख्याधिकारी हसतील, आणि ते साहजिक आहे. ठाण्याच्या उदाहरणातले झाड आणि उजेड मात्र फुकट मिळणाऱ्या गोष्टी आहेत.

अभ्यासकांना अधिक शिकवणारे उदाहरण पुण्याचे आहे, आणि त्यात एकही नामवंत वास्तुशिल्पज्ञ नाही. १९९९ ते २००१ या काळात पुणे महानगरपालिकेने झोपडपट्ट्यांतून चारशेहून अधिक सामुदायिक शौचालये स्वयंसेवी संस्थांच्या हाती बांधावयास दिली. रत्नाकर गायकवाड हे त्या वेळी आयुक्त होते. या कामात ‘स्पार्क’, झोपडीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ व ‘महिला मिलन’ यांचा मोठा वाटा होता. येथे नकाशा काढण्यापूर्वी वस्तीतील स्त्रियांना विचारण्यात आले, आणि त्यांनी अभियंत्यांना न सुचलेल्या गोष्टी सांगितल्या.

पुरुषांचे व स्त्रियांचे दार एका बाजूला नको. सकाळच्या रांगेत उभे असताना समोर पुरुष उभे असले की लाज वाटते. लहान मुले मोठ्यांच्या रांगेत मागे ढकलली जातात व शेवटी गटाराच्या कडेला बसतात, म्हणून त्यांना वेगळी शौचालये हवीत. मोठ्या भांड्याच्या भोकात पडण्याची भीती मुलांना वाटते, म्हणून त्यांचे भांडे लहान हवे आणि धरावयास दांडा हवा. पाण्याची टाकी मोठी हवी. राखणदाराचे कुटुंब तेथेच राहावे, म्हणजे रात्री जाग असते. प्रत्येक कुटुंबाने अल्प मासिक वर्गणी द्यावी व त्यातून देखभाल व्हावी, असे ठरले. पुढच्या काळात यांतील सर्वच शौचालये सारख्याच चांगल्या स्थितीत राहिली असा दावा कोणी करणार नाही. परंतु आराखडा म्हणजे काय, हे या स्त्रियांनी दाखवून दिले. कोण, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या भीतीने येथे येईल, याचा आगाऊ विचार म्हणजे आराखडा.

शहरातील स्त्रियांच्या या गरजेला न्यायालयाचेही पाठबळ मिळाले आहे. पुण्याहून निघणाऱ्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या वतीने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निर्णय दिला व स्त्रियांसाठी रस्त्यांवर आणि सार्वजनिक जागी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे उपलब्ध करून देण्याबाबत महानगरपालिकांना निर्देश दिले. मुंबईत तर त्यापूर्वीच, २०११ पासून, पुरुषांना मुतारी विनामूल्य आणि स्त्रियांना मात्र पैसे का, असा प्रश्न स्त्री-संघटनांनी लावून धरला होता. दोन्ही बाजूंना सारख्याच बैठका दिल्या म्हणजे समता झाली, हा समजही तपासून घ्यावयास हवा. स्त्रीला वेळ अधिक लागतो, सोबत मूल असते, आणि पुरुषांना मुताऱ्यांची जादा सोय असते. त्यामुळे स्त्रियांच्या बाजूला बैठका अधिक असाव्यात.

पाण्याचा हिशेब

टोकियोच्या कोणत्याही आराखड्यात नसलेली एक अट आपल्या भागात पहिल्या ओळीतच लिहावी लागते. पाणी किती? धनेगावच्या मांजरा धरणातील साठा आटल्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावरून आलेल्या पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या व प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. ज्या शहराने हे पाहिले, त्याने शौचालयाच्या टाकीतून एका झटक्यात किती पाणी वाहून जाते याचा हिशेब ठेवावयासच हवा.

तो हिशेब सोपा आहे. वीस बैठकांचे स्वच्छतागृह घ्या आणि प्रत्येक बैठकीचा दिवसातून शंभर वेळा वापर होतो असे धरा. जुन्या पद्धतीच्या टाकीतून प्रत्येक वेळी १० लिटर पाणी सुटले, तर दिवसास २० हजार लिटर लागतील. मिरजेच्या गाडीची एक टाकी अडीच दिवसांत संपेल. उलट, तीव्र उताराचे भांडे बसवून हाताने पाणी ओतण्याची पद्धत ठेवली, तर दीड ते दोन लिटरांत काम भागते. दोन लिटर धरले तरी दिवसाचा खर्च ४ हजार लिटर, म्हणजे तीच टाकी साडेबारा दिवस पुरेल. फरशी धुण्याचे पाणी अर्थात वेगळे.

हा फरक भांड्याच्या घडणीत आहे. साध्या भांड्याचा तळ सपाटीकडे झुकलेला असतो. कमी पाण्यासाठी बनविलेल्या भांड्याचा उतार २५ ते २८ अंश असतो आणि त्याच्या वळणात दुर्गंधी अडविण्यासाठी फक्त २० मिलिमीटर उंचीचे पाणी साठून राहते. त्यामुळे थोड्या पाण्यातही मैला पुढे सरकतो. बिंदेश्वर पाठक यांच्या ‘सुलभ’ संस्थेने १९७० नंतर या पद्धतीचा देशभर प्रसार केला आणि १९७४ साली पाटण्यात पैसे देऊन वापरावयाचे पहिले सार्वजनिक शौचालय चालवून दाखविले. निविदेत ‘भांडे, पांढरे, उत्तम प्रतीचे’ एवढेच लिहिण्याऐवजी उताराचा अंश लिहिणे, ही अभियंत्याच्या लेखणीतली एका ओळीची बाब आहे. या ओळीने जितके पाणी वाचेल, तितके भिंतीवरील घोषणांनी वाचणार नाही.

छपरावरच्या पावसाचाही विचार व्हावा, पण अवास्तव अपेक्षा नको. शंभर चौरस मीटर छपरावर वर्षाकाठी साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरला तर कागदोपत्री ७५ हजार लिटर पाणी होते. गळती-बाष्पीभवन वजा जाता वरच्या उदाहरणातील स्वच्छतागृहास ते जेमतेम पंधरवडाभर पुरेल. हात धुतलेल्या पाण्यासाठी मात्र आपल्याकडेच उत्तम वाट सापडलेली आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारे व डास घालविले आणि हा प्रयोग ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यात ओळखला गेला. स्वच्छतागृहाच्या बेसिनचे पाणी रस्त्यावर सोडण्याचे त्यानंतर काही कारण उरले नाही.

काळी माती आणि मैलाखड्डा

गावातील बसथांबा किंवा आठवडी बाजार यांसाठी चार-सहा बैठकांचे शौचालय बांधताना दोन शोषखड्ड्यांची पद्धत पुरेशी ठरते. वापराच्या मानाने खड्ड्यांचा आकार मात्र घरगुती खड्ड्यापेक्षा पुष्कळ मोठा धरावा लागतो. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा आणि पहिला दीड-दोन वर्षे तसाच ठेवायचा. त्यातील मैल्याचे तोवर वास नसलेले खत होते. गोदावरी व मांजरा यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत येथे एक अडचण येते. ही माती पाण्याने फुगते, पाणी शोषत नाही आणि उन्हाळ्यात भेगाळून भिंतींना तडे देते. जाळीदार विटकामाच्या खड्ड्याभोवती सुमारे ३० सेंटिमीटर जाडीचा वाळू-खडीचा थर देणे त्यासाठी आवश्यक ठरते. मुरमाड जागी ही अडचण येत नाही, परंतु खाली भेगाळलेला खडक असल्यास घाण पाणी दूरवरच्या विहिरीस पोहोचू शकते. विहिरीपासून किमान दहा मीटर अंतर हा सर्वसाधारण नियम. खडकाळ भागात त्याहून अधिक सावधगिरी हवी.

शहरात जेथे भुयारी गटार नाही, तेथे मैल्याची टाकी येते, आणि टाकीबरोबर तिच्या उपशाचा प्रश्न येतो. माणसाने टाकीत उतरून मैला काढणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. गटारात वा मैलाटाकीत मृत्यू झाल्यास कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख रुपये करण्यात आली. हे निर्णय सर्व कार्यालयांना माहीत आहेत. नकाशात मात्र अनेकदा टाकी अशा कोपऱ्यात काढली जाते, की जेथे उपसा करणारी गाडी पोहोचूच शकत नाही, आणि झाकण इतके लहान वा फरशीखाली गाडलेले असते, की अखेर कोणा गरजू माणसास पैसे देऊन आत उतरविण्याचा मोह होतो. गाडीची वाट ही म्हणूनच आराखड्यातील पहिली रेघ असावी. ती चुकली, तर तिची किंमत एखाद्याच्या जिवाने मोजली जाते.

सफाई करणाऱ्याची जागा

या विषयाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपणास करू द्यावे, या मागणीसाठी अप्पासाहेब पटवर्धनांनी अन्नत्याग केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभिला. जन्मावरून ठरलेले हे काम कोणीही करू शकतो, हा त्यामागील आग्रह होता. पुढे कणकवलीजवळ गोपुरी येथे अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. गाडगेबाबांनी यात्रांच्या गावी कीर्तनापूर्वी हाती खराटा घेतला आणि त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ पासून राज्यभर चालले. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात येणाऱ्या भाविकांना तर हे वेगळे सांगावयास नको. पादत्राणे सांभाळणे, फरशी पुसणे ही कामे शीख परंपरेत मोठमोठी माणसे सेवा म्हणून करतात.

तरीही नगरपालिकेच्या शौचालयात झाडू कोणाच्या हाती असतो, हे पाहिले म्हणजे ही परंपरा भाषणात जितकी दिसते तितकी कामात दिसत नाही, असे म्हणणे भाग पडते. आराखडा येथेही काही करू शकतो. झाडू, बादल्या व औषधे ठेवण्याची कुलूपबंद खोली, रबरी नळी जोडावयास तोटी, कामानंतर कामगाराला अंघोळ करता येईल अशी नहाणी, आणि नळांच्या दुरुस्तीसाठी शौचकूपांच्या मागे दीड हात रुंदीचा बोळ. या चार गोष्टी बहुतेक नकाशांत नसतात. फरशीला एकाच दिशेने उतार दिला आणि कोपरे गोल घेतले, तर धुण्याचे श्रम निम्म्यावर येतात. गुळगुळीत चकचकीत फरशीपेक्षा आपल्या भागात सहज मिळणारी शहाबादी फरशी पाय न घसरण्याच्या दृष्टीने बरी. मात्र तिचे सांधे नीट भरून घ्यावे लागतात.

पंचायत सदस्यांनी अंदाजपत्रक मंजूर करताना बांधकामाच्या रकमेखाली आणखी एक रक्कम पाहावी, ती देखभालीची. दोन पाळ्यांतील दोन सफाई कामगार, पाणीपट्टी, वीज, साबण व औषधे, सॅनिटरी पॅडची विल्हेवाट आणि वर्षातून एकदा दारे-कड्यांची दुरुस्ती, यांची बारा महिन्यांची बेरीज मांडून ती रक्कम कोठून येणार हे ठरावात लिहिले गेले पाहिजे. ती लिहिता येत नसेल, तर दहा बैठकांऐवजी चारच बांधाव्यात. कुलूप लावलेल्या दहापेक्षा त्या चार उपयोगी पडतील.

यात्रांचा प्रश्न निराळा आहे. मार्गशीर्षातील माळेगावची खंडोबाची यात्रा किंवा नवरात्रातील माहूरची गर्दी यांसाठी कायमची बांधकामे उभारली, तर उरलेले वर्ष ती ओस पडतात. येथे चाकांवरची फिरती शौचालये आणि पत्र्याचे आडोसे हाच व्यवहार्य मार्ग आहे. त्यांची जागा मात्र यात्रेपूर्वी ग्रामसेवक, पोलीस, आरोग्य कर्मचारी व गावातील स्त्रिया यांनी एकत्र फिरून ठरवावी. पाण्याचा टँकर कोठे उभा राहील, अंधार पडल्यावर कोणत्या वाटेने स्त्रिया जातील, आणि भरलेली टाकी गर्दीतून कोणत्या बाजूने बाहेर नेता येईल, हे जागेवर उभे राहूनच कळते. माळेगावला पशुबाजार भरतो आणि जनावरांसाठी पाण्याची सोय दरवर्षी करावीच लागते. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची नळजोडणी त्याच वाहिनीवरून घेता येईल काय, हे पाहण्यास यात्रेच्या महिनाभर आधीची एक दुपार पुरे.